बंड्या आणि त्याच्या गाड्या

सुधीर (बी विंग): मंडळी, आपला बंड्या वारल्यापासून ग्रुपवर चाललेले फुलांचे आणि पणत्यांचे फोटो पुरे आता. तो असता तर पहिला ओरडला असता, "फोन भरतो रे!" त्यापेक्षा त्याच्या आठवणी लिहा.

अशोककाका: मग तूच सुरुवात कर की. वर्गमित्र तुझा.

सुधीर: शाळेत एका बाकावर होतो. भूगोलाच्या तासाला हा बाहेरच्या रस्त्याकडे कान लावून पुटपुटायचा, "अँबॅसेडर... हेराल्ड... डुक्कर फियाट, सायलेन्सर फुटलाय." पैज लावून वडापाव उकळायचा. बाईंनी बाकावर उभं केलं तर म्हणतो, "बाई, इथून जास्त छान दिसतं."

नेहा (ए विंग): 😂 सुधीरकाका, डुक्कर फियाट म्हणजे कुठली?

सुधीर: १९५०च्या दशकातली फियाट ११००. गोलमटोल, म्हणून मुंबईने ते नाव ठेवलं. पुढचे दरवाजे उलटे उघडायचे. पद्मिनी नंतरची, आपल्या कुर्ल्याच्या कारखान्यातली. दोघींचे गिअर स्टिअरिंगलाच, त्यामुळे पुढे तिघं बसायचे.

मिलिंद: तिघं? पुढे चार आणि मागे पाच कोंबून नेलं होतं त्याने लोणावळ्याला! बोरघाटात रेडिएटर उकळला. साहेबांनी बोनेट उघडलं आणि आम्हाला कठड्यावर बसवून अंताक्षरी लावली. एका ट्रकवाल्याने थांबून पाणी दिलं, तर हा गाड्यांचा दलाल, निघेपर्यंत त्यालाच एक हेराल्ड विकायच्या बेतात होता.

अशोककाका: थट्टामस्करी ठीक, पण व्यवहाराला सरळ. मला पद्मिनी घ्यायची होती. खिशातून रुमालात गुंडाळलेलं लोहचुंबक काढलं आणि दाराच्या खालच्या कडेवरून फिरवत गेला. चिकटतंय, चिकटतंय, आणि एका जागी हात सुटला तशी पडलं खाली. "काका, इथे पत्रा नाहीच. लांबी, म्हणजे पुट्टी, भरून वर रंग मारलाय." बरं, विकायला काढलेली गाडी त्याचीच! मग चासीवरचं ग्रीस पुसून नंबर आरसी बुकाशी ताडून दाखवला. म्हणाला, "पत्र्याचं काम करून देतो. पेपरांत घोळ असता तर मीच घेऊ दिली नसती." गाडीच्या दलालांत असा दुसरा मी पाहिला नाही, आणि मी बरेच पाहिलेत.

मिलिंद: म्हणून तर पैसा टिकला नाही त्याच्याकडे.

अशोककाका: टिकला नाही कसा? गिऱ्हाईकं टिकली ना. माझ्या मेव्हण्याने तीन गाड्या त्याच्याकडूनच घेतल्या.

सुधीर: ऑक्टोबर २०२३ आठवतो? शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ला नोंदली होती. टॅक्सीची वीस वर्षांची मुदत भरली, बंद. त्याच आठवड्यात याने एक काळीपिवळी गाठली आणि आम्हा चौघांना घेऊन हाजी अली ते नरिमन पॉइंट फिरवलं. ड्रायव्हरला बाजूला बसवून स्वतःच चालवायला निघाला होता, त्याने काही दिली नाही. मग रस्ताभर त्याला "सेकंड टाक, सेकंड टाक". शेवटी तो म्हणाला, "साहेब, पंचवीस वर्षं चालवतोय." बंड्या उतरल्यावर त्याला मिठी मारून आला.

सेक्रेटरी: आठवणींच्या मध्ये बोलतोय, माफ करा. कंपाऊंडमधली त्याची फियाट वहिनींच्या नावावर करून घ्यायला हवी. वारसाने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरायचा. सुधीर, जाशील का त्यांच्याबरोबर?

सुधीर: जातो. गाडी पन्नाशीच्या पुढची आहे, व्हिंटेजमध्येही नोंदवता येईल. २०२१पासून तसा नियम आहे. पण मग रोज वापरता येत नाही.

मिलिंद: रोज? महिन्यातून एकदा चालू झाली तर हा पेढे वाटायचा!

वहिनी: सगळं वाचतेय. हसले खूप दिवसांनी. सुधीरभावजी, मंगळवारी जाऊ आरटीओत. आणि पलंगाखाली दोन कार्बुरेटर, एक डायनॅमो आणि कसलेतरी हॉर्न आहेत. ज्याला हवेत त्याने घेऊन जावे, मला तिथे गाद्या ठेवायच्यात.

मिलिंद: वहिनी, कार्बुरेटर सोलेक्स कंपनीचे आहेत का?

वहिनी: काय माहीत. एक चकलीच्या डब्यात आहे, तो डबा मात्र परत हवा.