गाडी पाणी खाते म्हणून लगेच हेड खोलायचं? माझा विरोध आहे

आडगाव_दहाचाकी
माझी दहा चाकी २०१८ ची, बीएस-४, सव्वापाच लाख किलोमीटर झालेली. पिंपळगाव बसवंतहून टोमॅटो भरून वाशी, येताना भिवंडीच्या गोडाउनचा माल मिळाला तर तो, नाहीतर रिकामी. दीड महिना झाला, गाडी कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव, आम्ही पाणीच म्हणतो) खाते. जाऊन-येऊन ४०० किलोमीटरच्या फेरीत सव्वा लिटरच्या आसपास. खाली थेंब नाही. ट्रक टर्मिनसवर रात्रभर इंजिनखाली पुठ्ठे अंथरून ठेवले, सकाळी कोरडे. तापमानाचा काटा मध्यावर, ऑइलच्या पट्टीवर पांढरं काही नाही, धूरही साफ.

नाशिकच्या द्वारकेजवळच्या दोन गॅरेजवाल्यांनी बॉनेटसुद्धा नीट न बघता सांगितलं, "हेड गॅस्केट गेलं, हेड खोलावं लागेल." हेड म्हणजे इंजिनचं वरचं झाकण, गॅस्केट म्हणजे त्याखालचा गळती रोखणारा पातळ थर. खर्च ४५ हजारांच्या पुढे, गाडी पाच दिवस उभी. ऐन टोमॅटोच्या सीझनमध्ये.

माझं म्हणणं सरळ आहे. पाणी कुठून जातंय याचा पुरावा हातात आल्याशिवाय हेडच्या बोल्टला पाना लावू नये. पाणी बाहेर गळू शकतं, सिलिंडरमध्ये जळू शकतं, ऑइलमध्ये उतरू शकतं, ईजीआर कूलरमधून (इंजिनात परत जाणारा धूर पाण्याने थंड करणारा भाग) सायलेन्सरला लागू शकतं. चार वाटा असताना एकाच वाटेवर ४५ हजार का लावायचे? आणि नवं गॅस्केट टाकूनही पाणी कमी होत राहिलं तर मिस्त्री म्हणणार, "आता ब्लॉक बघावा लागेल." त्या वेळी मी काय करायचं? जाणकारांनी बोला.

सातपूरचा_फिटर
३१ वर्षं पाना हातात आहे म्हणून लिहितो. भाऊ, तुझं म्हणणं कागदावर बरोबर आहे, पण इंजिन कागदावर चालत नाही. हेड गॅस्केट जेव्हा जरासं जळतं तेव्हा थंड इंजिनात काहीच दिसत नाही. लोड आला, चढ आला, सिलिंडरमधला दाब वाढला की ती फट उघडते. तू टर्मिनसवर उभ्या गाडीला दाब तपासायचा पंप लावशील, काटा हलणार नाही, आणि तू म्हणशील हेड चांगलं आहे. महिनाभराने कसारा घाटात तापमानाचा काटा लाल होईल. तेव्हा हेड वाकलेलं असेल, घासून सपाट करायलाही (फेसिंगलाही) राहणार नाही.

सव्वापाच लाख झालेत. आज ना उद्या हेड उतरायचंच आहे. व्हॉल्व्ह घासून होतील, नोझलचे बुश बदलून होतील, लायनर (सिलिंडरच्या आतली नळी) डोळ्यांनी दिसतील. आधी साधं पाणी घालत होतास का? बोअरचं? मग लायनर बघच. चालू इंजिनात लायनर थरथरतो, त्याच्या बाहेरच्या अंगाला पाण्यात बारीक बुडबुडे होतात आणि फुटतात, आणि एकाच जागी फुटून फुटून लोखंड खातात. सुया टोचल्यासारखी भोकं पडतात. अशी भोकं आरपार गेलेले लायनर मी स्वतः बाहेर काढलेत. हे बाहेरून कुठल्या पंपाने दिसणार?

द्राक्ष_कंटेनर
फिटर काकांशी सहमत, पण माझं कारण वेगळं आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये आम्ही दिंडोरी, निफाडची द्राक्षं कंटेनरने न्हावाशेव्याला नेतो. जहाजाची वेळ ठरलेली असते. इगतपुरीला गाडी बंद पडली तर शेतकऱ्याचं वर्षभराचं पीक रस्त्यावर उभं राहतं. "आधी ही तपासणी, मग ती तपासणी" करत मी दोन आठवडे संशयाची गाडी चालवू शकत नाही. सीझनआधी हेड खोला, मोकळे व्हा. खर्च होतो, मान्य. पण माझ्या धंद्यात खात्री विकत घ्यावी लागते.

आडगाव_दहाचाकी
@द्राक्ष_कंटेनर दादा, खात्रीसाठीच तर भांडतोय. हेड खोलून खात्री मिळते ती हेडची. गळती दुसरीकडे असेल तर तुम्ही पैसे देऊन तीच संशयाची गाडी पुन्हा इगतपुरीला नेणार.

@सातपूरचा_फिटर काका, साधं पाणी मी कधी घातलेलं नाही, पहिल्यापासून कूलंटच. जुन्या मालकाचं मात्र सांगता येत नाही. लायनरचा मुद्दा डोक्यात ठेवतो.

निफाड_ट्रॅक्टर
आमच्याकडे रेडिएटर गळायला लागला की मूठभर हळद टाकतात. फुगते आणि भोक बुजवते. वडिलांच्या ट्रॅक्टरला दोन वर्षं चालली. एवढा विचार कशाला?

सातपूरचा_फिटर
@निफाड_ट्रॅक्टर हळद टाकू नका, हात जोडून सांगतो. शेतात ट्रॅक्टर अडकला आणि घर गाठायचं असेल तर एकदा ठीक. ट्रकच्या रेडिएटरच्या आणि ऑइल कूलरच्या नळ्या बारीक असतात. हळद किंवा गळतीची पावडर भोक शोधत नाही, अरुंद जागा दिसेल तिथे बसते. मग गळतीबरोबर गाडी गरम होण्याचाही आजार लागतो. या एका बाबतीत मी धागा काढणाऱ्याच्या बाजूने आहे.

अंबड_वर्कशॉप
मी एका ट्रान्सपोर्टच्या गाड्यांचं मेंटेनन्स बघतो. काका अनुभवी आहेत, पण "आज ना उद्या उतरायचंच आहे" हे मला पटत नाही. न बिघडलेलं हेड उतरवून पुन्हा बसवणं हीसुद्धा जोखीम आहे. बोल्ट आवळण्याचा जोर (टॉर्क) चुकला, हेड बसायची जागा नीट साफ झाली नाही, तर नसलेली गळती आपण तयार करतो.

आधी झाकण. रेडिएटरच्या झाकणावर दाबाचा आकडा असतो. स्प्रिंग सैल झाली की दाब धरत नाही, पाणी लवकर उकळतं आणि ओव्हरफ्लोच्या नळीतून वाफ होऊन जातं. चालत्या गाडीत हे दिसत नाही, वाऱ्यावर उडून जातं. आणि क्लिनर रोज कूलंटचा डबा गळ्यापर्यंत भरत असेल तर जास्तीचं पाणी गाडी रोज बाहेर टाकणारच. खूण केलेल्या रेघेपर्यंतच भरा.

मग प्रेशर पंप. थंड इंजिन, झाकणाच्या आकड्याइतकाच दाब, त्याहून जास्त नाही, आणि अर्धा तास काटा बघायचा. काका म्हणतात तसं थंडीत फट मिटते, म्हणून गाडी गरम असतानाही हीच तपासणी करा. मात्र गरम इंजिनाचं झाकण एकदम उघडू नका, माझ्या समोर एका पोराचा हात भाजलाय. वॉटर बॉडीच्या (पाण्याच्या पंपाच्या) खालचं बारीक भोक आणि होजची तोंडं टॉर्चने बघा. कूलंट गरम लोखंडावर पडून वाळतं आणि थेंबाऐवजी पांढरट-हिरवट खपली राहते. पुठ्ठा कोरडा राहतो तो त्यामुळेच.

आणि तुमच्या चार वाटांत एक पाचवी राहिली: ब्रेकच्या हवेचा कंप्रेसर. त्याच्या हेडमधून इंजिनचंच पाणी फिरतं. त्याचं छोटं गॅस्केट गेलं की पाणी हवेच्या लाइनमध्ये शिरतं. एअर ड्रायर (हवेतली ओल काढणारा भाग) फुस्स करतो तेव्हा ते रस्त्यावर उडून जातं. पुठ्ठ्यावर येत नाही, धुरात दिसत नाही, ऑइलमध्येही बहुतेक वेळा सापडत नाही.

कसारा_ड्रायव्हर
मी मिस्त्री नाही, १४ वर्षं हाच रूट चालवतो. एक विचारतो: पाणी जाताना कमी होतं की येताना? नाशिकहून मुंबईला जाताना कसारा उतार आहे, तोही भरल्या गाडीने. येताना चढ. उतारावर इंजिनला जोर नसतो, पण ब्रेकला हवा सारखी लागते. चढावर इंजिन पूर्ण जोरात आणि ब्रेकला काम नाही. म्हणजे आपल्या घाटातच अर्धी तपासणी होते. फक्त दोन्हीकडे थंड गाडीत माप घ्या, गरम असताना पाणी फुगलेलं असतं.

आडगाव_दहाचाकी
कसारा_ड्रायव्हर भाऊ, तुमचे उपकार मानावे तेवढे थोडे. दीड महिन्यात हा प्रश्न मला एकाही गॅरेजवाल्याने विचारला नाही.

डब्यावर मार्करने रेघ मारली, मापाची बाटली गाडीत ठेवली आणि तीन फेऱ्यांचा हिशेब लिहिला. मधे झाकण नवं टाकलं, फरक शून्य. वाशीला माल उतरवून चार-पाच तास गाडी उभी राहिल्यावर, आणि आडगावला सकाळी, असं दोनदा माप. जाताना ८००, ९००, ८५० मिली. येताना ३५०, ३५० आणि ४००. शेवटच्या फेरीत भिवंडीहून १२ टन भरून चढलो, तरी ४०० च. रिकामी आणि भरलेली यात ५० मिलीचा फरक. गॅस्केट लोडवर उघडत असतं तर भरल्या चढाला ते दिसायला हवं होतं.

जास्त पाणी उतारावर जातंय, म्हणजे संशय ब्रेकच्या हवेवर. मग काल रात्री ११ वाजता टर्मिनसवर खाली शिरलो आणि ब्रेकची हवा साठवणाऱ्या एअर टाकीच्या ड्रेनची रिंग ओढली. आधी नुसती हवा. पुन्हा ओढली, थोडा चहाच्या सायीसारखा फेस. तिसऱ्यांदा ओढली तेव्हा मनगटावर पाणी आलं. टॉर्चमध्ये हिरवं. बोटांत चोळलं तर बुळबुळीत, वास गोडसर. ड्रायव्हर म्हणाला चाखून बघतो, मी त्याचा हात धरला. ग्लायकॉल विषारी असतं, कुणीही चाखू नका. पांढऱ्या बनियनच्या तुकड्यावर टिपून घेतलं, सकाळपर्यंत हिरवा डाग तसाच.

मला पाण्याचं दुःख नाही. हेच पाणी ब्रेकच्या व्हॉल्व्हमध्ये, रबरात गेलं असतं आणि मी भरल्या गाडीने कसारा उतरत होतो. दोन्ही गॅरेजचं ऐकून हेड खोललं असतं तर नवं गॅस्केट टाकून हेच ब्रेक घेऊन पुन्हा घाटात गेलो असतो.

अंबड_वर्कशॉप
ड्रायर असताना टाकीत पाणी उतरलं म्हणजे ड्रायरचा कार्ट्रिज भिजून गेलाय. तो बदला, सगळ्या टाक्या रिकाम्या करा, ब्रेक व्हॉल्व्ह तपासून घ्या. तोवर घाट नको.

सातपूरचा_फिटर
कंप्रेसर गेलाय, मान्य. टाकीतलं हिरवं पाणी खोटं बोलत नाही. पण सगळं पाणी तिथूनच जातंय हे सिद्ध झालं नाही. उतारावर एक्झॉस्ट ब्रेक (सायलेन्सरकडची वाट अडवून वेग कमी करणारा) लावतोस ना? तेव्हा सायलेन्सरच्या बाजूचा दाब वाढतो. ईजीआर कूलर फुटका असला तर त्याच्यावरही जोर येतो. मग जातानाचे ८५० मिली दोघांत वाटलेले असू शकतात. तुझा घाटाचा हिशेब चांगला आहे, पण एकाच गुन्हेगाराचा नाही.

आडगाव_दहाचाकी
काका, तुमची शंका रास्त वाटली म्हणून कंप्रेसर उतरवण्याआधी अंबडला गाडी नेऊन बुडबुड्यांची तपासणी केली. डबा गळ्यापर्यंत भरला, झाकणाच्या जागी रबराचा बूच, त्यातून नळी पाण्याच्या बाटलीत. टाक्या रिकाम्या करून इंजिन चालू. हवा भरायला लागली तसे बाटलीत सारखे बुडबुडे. हवेचा काटा ८ बारजवळ गेला, हवा कट झाली (कंप्रेसरने भरणं थांबवलं), आणि अर्ध्या मिनिटात बाटली शांत. ब्रेक दाबून दाबून हवा उतरवली, कंप्रेसर पुन्हा कामाला लागला, बुडबुडे पुन्हा सुरू. पाच वेळा केलं, पाचही वेळा तेच. गॅस्केट इंजिनच्या हेडचं असतं तर हवा कट झाल्यावर बुडबुडे का थांबले असते?

सातपूरचा_फिटर
उभ्या गाडीत, लोडशिवाय. माझं म्हणणं तिथेच आहे.

आडगाव_दहाचाकी
कंप्रेसरचं हेड उघडलं. गॅस्केटवर पाण्याच्या वाटेपासून सिलिंडरपर्यंत करंगळीच्या नखाएवढा काळा पट्टा जळालेला. गॅस्केट, ड्रायरचा कार्ट्रिज, मजुरी, ब्रेक व्हॉल्व्हची तपासणी धरून ११ हजारांच्या आत. दीड दिवस गाडी उभी. कालची फेरी भरून गेली आणि भरून आली. टाकी कोरडी. पण कूलंट २०० मिली कमी.

अंबड_वर्कशॉप
सिस्टिम उघडली की आत हवा अडकते. एक-दोन फेऱ्यांत ती बाहेर येते आणि पातळी तेवढी खाली जाते. रेघेपर्यंत भरा आणि पुन्हा मोजा.

सातपूरचा_फिटर
किंवा तो ईजीआर कूलर आहे. पुढच्या दोन फेऱ्यांतही १०० च्या वर गेलं तर कूलर उतरवून घेऊन ये. गरम पाण्यात बुडवून हवा मारून बघू. त्याचे पैसे मी घेणार नाही. आणि तिथेही काही नाही सापडलं तर हेड खोलायचं, कबूल?

आडगाव_दहाचाकी
कबूल, काका. आज सकाळी थंड गाडीत बरोबर रेघेवर भरलंय. दुपारी पिंपळगावला भरणार, उद्या वाशीला माप घेऊन इथेच लिहितो.