अनुभव धागा: परमुलखात भेटलेली माणसं

सदाफुली
परवा तुळशीबागेत एक परदेशी बाई पिनांच्या गाड्यापाशी उभी होती आणि विकणाऱ्या मावशी तिचेच केस पिळून अंबाड्यात काटा कसा खोचायचा ते दाखवत होत्या. चक्क मराठीत. "असं पीळ, मग असा खुपस." ती मान डोलावत होती. तेव्हापासून उझबेकिस्तानात समरकंदहून बुखाऱ्याला जाताना गाडीत भेटलेल्या आजी डोक्यातून जात नाहीयेत.

समोरच्या बाकावर आजी, सून, नातवंडं. आम्ही भारतातले म्हटल्यावर आजी "राज कपूर!", नातू "शाहरुख!" सुनेने पिशवीतून समरकंदी नान काढला. जाडजूड, वरून चकचकीत, मधोमध नक्षीचा ठसा. माझ्या भावाने आपला तुकडा पालथा ठेवला, तर आजींनी काही न बोलता तो सरळ केला. तिथे नान पालथा ठेवणं अगदी वर्ज्य. चहा मात्र पियाल्यात तळाशी इतकुसा! भाऊ पुटपुटला, "हे तर पुण्याच्या वरताण." नंतर कळलं की मुद्दाम थोडा ओततात, म्हणजे सारखा सारखा ओतून देता येतो आणि पाहुणा बसून राहतो. काठोकाठ भरून दिला की समजायचं, आता उठा.

आजी उझबेकमध्ये बोलत होत्या, मी मराठीत. सुनेच्या बाळंतपणापर्यंत गप्पा गेल्या, निदान माझी तरी तशी समजूत आहे.

तुमचेही लिहा. हॉटेलवाले आणि गाइड सोडून.

पेठेतला
पुण्याच्या वरताण? निषेध. आम्ही निदान "चहा घेणार नसालच ना?" असं विचारतो तरी.

शेवगा
ताश्कंदला आमच्या टॅक्सीवाल्याने न सांगता गाडी वळवली आणि शास्त्रीजींच्या पुतळ्यापाशी उभी केली. ११ जानेवारी १९६६ ला ते तिथेच गेले, हे आपण शाळेत घोकलेलं. तो माणूस माझ्याहून लहान, त्याला काय आठवण असणार? पण "इंडिया" ऐकल्यावर इथे आणायचं, हे त्याला पक्कं ठाऊक. वरचे पैसे घेतले नाहीत.

मनूची_आई
सदाफुली, व्हिसाचं काय केलंत? एजंट लागतो का?

सदाफुली
नाही, ऑनलाइन ई-व्हिसा मिळतो. शाकाहारी असाल तर ताश्कंदच्या चोर्सू बाजारात सुका मेवा आणि नान घेऊन ठेवा. बाकी सगळीकडे मटण.

कोरांटी
फोनवरून लिहितेय, शुद्धलेखन सोडून द्या. हा प्रवास नाही म्हणता येणार, पण चालवून घ्या.

आम्ही श्टुटगार्टला राहतो. तिकडे केअरवोखे नावाचा प्रकार आहे. बिल्डिंगमधल्या घरांनी आळीपाळीने आठवडाभर जिना झाडायचा-पुसायचा. ज्याची पाळी त्याच्या दाराला पाटी लटकते. आई सांगलीहून आली आणि त्याच आठवड्यात पाटी आमच्या दाराला! आम्ही ऑफिसला गेल्यावर आईने सामानातून आणलेला झाडू काढला (हो, तिने झाडू आणला होता, आणि हो, मी भांडले होते) आणि जिना लख्ख केला. वरच्या मजल्यावरच्या आजी कठड्यावरून बघत होत्या. त्या सगळ्या बिल्डिंगला धाकात ठेवतात, रविवारी मिक्सर लावला तर दार वाजवतात. खाली उतरल्या, कोपऱ्यात बोट फिरवून बघितलं, गेल्या. संध्याकाळी सफरचंदाचा केक घेऊन दारात हजर.

मग रोजचंच झालं. दोघी बाल्कनीत क्रोशा घेऊन बसायच्या. आई सांगलीकडची मराठी, त्या श्वेबिश, म्हणजे तिकडची जर्मन बोली, जी माझ्या जर्मन येणाऱ्या नवऱ्यालाही धड कळत नाही. मी मधे पडून भाषांतर करायला गेले तर आई म्हणाली, "तू जा गं, आमचं चाललंय." आता व्हिडिओ कॉलवर एकमेकींना लोकर दाखवतात. मी त्या घरात इतकी वर्षं राहून मला फक्त मिक्सरवरून बोलणी मिळालीत.

उंडगा
ही पाटी आमच्या सोसायटीत लावा हो कोणीतरी. सेक्रेटरीच्या दारापासून सुरुवात.

निवडुंग
हे सगळं गोड आहे, पण थोडं मीठ घालतो. इस्तंबूलला बूटपॉलिशवाला पुढे चालता चालता ब्रश "पाडतो". आपण भला माणूस म्हणून उचलून देतो. तो आभार मानत बूट पुसायलाच बसतो आणि मग आजारी मुलाची गोष्ट सांगून पैसे मागतो. शांघायमध्ये हसतमुख विद्यार्थी "चहा समारंभाला चला" म्हणतात आणि बिल येतं ते डोळे पांढरे करणारं. माझा नियम: आपण होऊन इंग्रजीत बोलायला आला की दोन पावलं मागे.

तिसरी_घंटा
नियम जरा कडक नाही का? हनोईला होआन कीएम तळ्याकाठी शनिवार-रविवारी शाळकरी पोरं वही घेऊन इंग्रजीचा सराव करायला येतात. त्यांना काहीच नको असतं. एकीने मला विचारलं, "तुमचा छंद?" मी म्हणाले, झोप. तिने लिहूनसुद्धा घेतलं.

बाकी एकट्या बाईने घरचं आमंत्रण घ्यायचं का, हा वेगळाच विषय. मी घरात बाई दिसली तरच आत जाते.

काकाश्री
व्हिएतनामने शिवाजी महाराजांचा आदर्श ठेवून अमेरिकेला हरवलं असं वाचलंय. तिथल्या लोकांशी यावर बोललात का?

तिसरी_घंटा
काका, ते व्हॉट्सअ‍ॅपवरचं, त्याला कसलाच पुरावा नाही. मी विचारलं होतं. पोरांना ठाऊक नव्हतं, पण महाराजांबद्दल मी सांगितल्यावर गनिमी काव्याचा भाग त्यांना भयंकर आवडला.

आगरकन्या
इस्राएल, रामल्याची बस. मी आणि आई मराठीत भांडत होतो. मागून आवाज, "कुठल्या गो तुम्ही?" बेने इस्राएली बाई, म्हणजे आपल्या कोकणातल्या ज्यू! लहानपणी रेवदंड्याहून गेलेल्या. आम्ही अलिबागचे कळल्यावर बस, आम्ही आणि त्यांचा स्टॉप सगळंच राहिलं. तिथलं सिनेगॉग अजून नीट आहे का, कोणाच्या वाडीतले माड उरलेत का, रस्ता रुंद केला का. आडनाव आपल्यासारखंच -कर. घरी नेऊन मलिदा खायला घातला: भिजवलेले पोहे, ओला नारळ, साखर, वेलची, वर फळं. एलियाहू हनवी म्हणजे प्रेषित एलिया, त्यांच्या नावाने करतात. मराठी अशी की माझ्या आजीच्या तोंडचे शब्द. त्यांची नातवंडं हिब्रूतच बोलतात. आई परतीच्या वाटेवर गप्प होती. आई गप्प, म्हणजे बघा.

कोरांटी
आगरकन्या, मलिद्याची सविस्तर कृती द्या ना प्लीज.

वाटाड्या
मॉरिशसला गणेश चतुर्थीची सार्वजनिक सुट्टी असते. विसर्जनाला गेलो होतो. क्रिओल बोलणारी मराठी पोरं झाकरी नाचत होती, म्हणजे आपल्या कोकणातली जाखडीच. मला ओढलं. रत्नागिरीचा असून मला एक पाऊल येत नव्हतं, तिथल्या पोराने शिकवलं.

चिंगी७
जॉर्जिया. लेक मेडिकलला आहे. तिच्या घरमालकांनी जेवायला बोलावलं, सोबत सासरे. तिथे मेजवानीत एक तमादा असतो, तो एकेका गोष्टीच्या नावाने बोलतो आणि मगच सगळ्यांनी प्यायचं. गेलेल्या माणसांसाठीही एक पेला असतो. सासरे पीत नाहीत, डाळिंबाचा रस घेऊन बसलेले. एकदम उभे राहिले आणि मराठीत त्यांच्या आईबद्दल बोलायला लागले. मी त्यांना इतकं सलग बोलताना कधी ऐकलं नव्हतं. लेकीने भाषांतर सुरू केलं तर घरमालकांनी हातानेच थांबवलं. संपल्यावर सगळे उभे राहून प्यायले.

मनूची_आई
बापरे. आणि शाकाहारी काय मिळालं?

चिंगी७
लोबियानी. राजम्याची पुरणपोळी समजा. सासऱ्यांनी तिसरी मागून घेतली, घरी दुसरी वाढली तर ओरडतात.