मदत हवी आहे: 'लुक'च्या मागेपुढे काय लागलं की काय अर्थ?

साहेबांना रिपोर्ट पाठवताना मी लिहिलं, 'प्लीज ओव्हरलुक धिस रिपोर्ट.' म्हणायचं होतं, एकदा नजर टाका. उत्तर आलं, 'बरं, करतो दुर्लक्ष!' मग कळलं, नजर टाकणं म्हणजे लुक ओव्हर. शब्द उलटे जोडले की दुर्लक्ष करणं.

तेव्हापासून धसकाच घेतलाय. लुक आफ्टर म्हणजे सांभाळणं, लुक फॉर म्हणजे शोधणं, इथवर ठीक. लुक इन्टू म्हणजे चौकशी करणं, हेही पटतं. आपणही 'लक्ष घालतो' म्हणतोच की. पण लुक अप म्हणजे शब्दकोशात बघणं, आणि पुढे नुसता टू लागला की थेट आदर?

खरी अडचण 'लुक फॉरवर्ड टू'ची, म्हणजे आतुरतेने वाट बघणं. त्यापुढे मीट की मीटिंग? टू नंतर मूळ क्रियापद, असं शाळेत घोकलेलं. पण जाणकार सगळे मीटिंगच लिहितात. असं का?

आणि 'सी आय टू आय' म्हणजे एकमत होणं, हे नक्की ना? मी तर नजरेला नजर भिडवणं, म्हणजे भांडणच समजत होते.

नुसते अर्थ नकोत, एखादं रोजचं वाक्य दिलंत तर डोक्यात बसेल.