कातडीच्या बाहेरच्या थराची तरलता एफटीआयआरने (पदार्थ कोणता अवरक्त प्रकाश शोषतो हे पाहणाऱ्या तंत्राने) मोजता येते का?

प्रश्न : मी कोल्हापुरात एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी डुकराच्या कानाच्या कातडीचा सर्वांत बाहेरचा थर, म्हणजे स्ट्रेटम कॉर्नियम, अभ्यासत आहे. ओलेइक आम्ल (एक मेदाम्ल) लावल्यावर वर्णपटातले, म्हणजे शोषणाच्या आलेखातले, मेदसाखळ्यांचे २८५० प्रतिसेंटिमीटरजवळचे शिखर २८५३ पर्यंत सरकते. पण काहीही न लावलेल्या एका नमुन्यातही २८५३ च मिळाले. तरलता वाढली, असे म्हणता येईल का?

उत्तर १ : थेट म्हणू नये. हे शिखर साखळ्या किती सरळ व किती वाकलेल्या आहेत एवढेच सांगते. त्यांच्या हालचालीचा वेग सांगत नाही, म्हणून ‘साखळ्यांची अव्यवस्था वाढली’ असे लिहावे. शिवाय ओलेइक आम्लाच्या स्वतःच्या साखळ्याही त्याच ठिकाणी शोषण दाखवतात, त्यामुळे सरकलेले शिखर कातडीच्या मेदाचे की लावलेल्या आम्लाचे, हे कळत नाही. ड्युटेरियमयुक्त (हायड्रोजनऐवजी जड हायड्रोजन असलेले) ओलेइक आम्ल वापरल्यास त्याचे शिखर २१०० च्या आसपास जाते आणि दोन्ही वेगळे वाचता येतात. ते महाग असते, पण या प्रश्नाला दुसरे इतके स्वच्छ उत्तर मला माहीत नाही.

उत्तर २ : न लावलेल्या नमुन्याबाबत माझा संशय कातडीखालच्या चरबीवर किंवा तेलग्रंथींच्या स्रावावर आहे, कारण त्यांतले मेद द्रवरूपाच्या जवळ असल्याने शिखर वर ढकलतात. त्या वर्णपटात १७४० जवळ एस्टरचे (तेल-चरबीच्या रेणूंतल्या जोडणीचे) ठळक शिखर दिसते का, हे आधी पाहावे. दिसल्यास नवा नमुना थंड हेक्झेनने (मेद विरघळवणाऱ्या द्रावकाने) अगदी थोडे सेकंदच धुवावा; जास्त वेळ ठेवल्यास थराचे स्वतःचे मेदही निघून जातील. आपल्याकडे पावसाळ्यात हवा फारच दमट असते, तेव्हा सगळे नमुने ठरावीक आर्द्रतेच्या बंद डब्यात सारखाच वेळ ठेवूनच मोजावेत.

उत्तर ३ : एका तापमानाच्या आकड्यावर विसंबू नका. २५ ते १०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवत शिखराची जागा नोंदवली, तर मुख्य वितळण साधारण ६० ते ८० अंशांत दिसते आणि आम्लामुळे ते खाली आले का, हे तपासता येते. १४६३ आणि १४७३ या शिखरांची जोडी मेदसाखळ्यांची घट्ट रचना दाखवते. ती मिटून एकच शिखर राहिले, तर रचना सैल झाली. मात्र थर वेगळा करताना कातडी ६० अंशांच्या पाण्यात बुडवली असेल, तर ही रचना एकदा बदलून गेलेली असते, म्हणून तुलनेचा नमुनाही त्याच पद्धतीने काढलेला असावा.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. १७४० चे शिखर त्याच नमुन्यात ठळक आहे. तो बाजूला ठेवून नव्याने मोजतो.