छातीच्या मणक्यातली गादी सरकलीये, ऑपरेशन पाठीतून की छातीतून?

सांगलीची_मेधा: आईला (वय 58) डी 10-11 ची, म्हणजे छातीच्या दहाव्या-अकराव्या मणक्यामधली गादी सरकलीये, मज्जारज्जू दाबला गेलाय. सहा महिने बरगड्यांभोवती पट्टा आवळल्यासारखं दुखायचं, आधी पित्ताच्या गोळ्या झाल्या मग ईसीजी झाला. आता पाय ताठरतात, चप्पल निसटली तरी तिला कळत नाही. एक सर्जन म्हणतात पाठीच्या बाजूने जाऊ, दुसरे म्हणतात छातीतून. बजेट साडेतीन लाख, मेडिक्लेम नाही. कमरेचे अनुभव नकोत प्लीज.

देशमुख_वाकड: माझं एल 4-5 दुर्बिणीतून झालं, दुसऱ्या दिवशी घरी, महिन्यात सिंहगड चढलो. छाती कशाला उघडायची?

राधेची_आई: दादा, ती कमरेचं नको म्हणतेय ना.

आजरेकर: ऑपरेशनच नको. मेव्हण्याला पण छातीतच गादी निघाली होती, फिजिओवर बरा झाला.

ओटी_सिस्टर: आजरेकर, तुमच्या मेव्हण्याचे पाय ताठरले होते का? काहीच त्रास नसलेल्या माणसांच्या एमआरआयमध्येही छातीत सरकलेल्या गाद्या सापडतात, त्यांना कुणी हात लावत नाही. इथे चालण्यावर परिणाम झालाय, ही वेगळी गोष्ट आहे. मेधाताई, मी न्यूरोच्या ऑपरेशन थिएटरमध्ये 15 वर्षं आहे. सीटी स्कॅन झालाय का? नसेल तर आधी तो करा, कारण छातीतल्या गाद्या बऱ्याचदा चुन्यासारख्या कडक झालेल्या असतात आणि ते एमआरआयवर नीट कळत नाही. गादी मऊ आणि एका बाजूला असेल तर पाठीतून तिरकं जाऊन, पेडिकल (मणक्याच्या मागच्या बाजूचा हाडाचा छोटा खांब) किंवा बरगडीचा तुकडा काढून पोचता येतं. मधोमध, मोठी आणि कडक असेल तर समोरून म्हणजे छातीतून जास्त नीट दिसते. आणि लघवी अडली किंवा कळेनाशी झाली तर इथे विचारत बसू नका, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

देशमुख_वाकड: आमच्या काकांची तर सरळ पाठीतून लॅमिनेक्टमी झाली, म्हणजे मणक्याच्या मागचं हाड काढलं, उत्तम आहेत.

ओटी_सिस्टर: कमरेची असणार. तिथे खाली सुट्ट्या नसा असतात, हलकेच बाजूला करता येतात. छातीत मज्जारज्जू आहे, तो बाजूला ढकलायचा नसतो. अशा गाद्यांसाठी नुसती लॅमिनेक्टमी करायचे तेव्हा कित्येकांचे पाय गेले, म्हणून तर बाजूचे आणि समोरचे रस्ते निघाले.

ठाणेकर_74: मिसेसची छातीतून झाली. तीन दिवस छातीत नळी, आठ महिने बरगडी दुखली, कूस बदलताना रडायची. चालायला लागली हे खरं, पण पुन्हा वेळ आली तर मी पाठीतूनच सांगेन. सहा लाख गेले.

नेरूळ_नाना: मुंबईलाच न्या, आठ लाख हाताशी ठेवा. पैशाकडे बघू नका.

राधेची_आई: नाना, साडेतीन लिहिलंय तिने. सरकारी महात्मा फुले आरोग्य योजनेत बसतं का विचार गं. आणि छाती नकोच, ठाणेकरांचं वाचलंस ना.

ओटी_सिस्टर: अजून दोन प्रश्न विचारा. ऑपरेशन चालू असताना नसांचं मॉनिटरिंग आहे का, आणि मणका कसा मोजणार? छातीत लेव्हल चुकू शकते, बरगड्या मोजूनच खात्री करावी लागते. कुणाला 11 किंवा 13 जोड्या असतात.

आजरेकर: 13 बरगड्या? काहीही.

ओटी_सिस्टर: असतात. मी फिल्मवर पाहिल्यात.

सांगलीची_मेधा: सीटी झाला. गादी मधोमध आहे आणि पूर्ण कडक. छातीवाल्या सरांनी फिल्मवर बरगड्या मोजून दाखवल्या, मॉनिटरिंग आहे म्हणाले. पाठीवाले सर स्वतःच म्हणाले, इतकी कडक असेल तर मी छातीवाल्यांकडेच पाठवतो. ठाणेकर काका, तुमचं वाचून रात्रभर झोप नाही लागली, पण आई म्हणते बरगडी दुखली तर दुखू दे, मला संडासला स्वतःच्या पायांनी जायचंय. खर्च पावणेपाच सांगितलाय, योजनेचं अजून कळलं नाही, वरचे पतसंस्थेतून काढतेय. गुरुवारी ॲडमिट.

ठाणेकर_74: नळी असताना खोकायला सांगतात, तेव्हा उशी छातीशी घट्ट धरायला द्या. आमच्या हिला त्यानेच जमलं.