वज्रेश्वरी-अकलोलीची गरम पाण्याची कुंडं: तुमचे अनुभव लिहा

परवा फटाक्यांचा कचरा झाडताना गंधकाचा वास आला आणि अकलोली आठवली. आजीचे गुडघे धरले की आजोबा सगळ्यांना घेऊन निघायचे. आधी 52 पायऱ्या चढून देवीचं दर्शन, मग कुंड. आजी काठावर बसून आधी नुसते अंगठे बुडवायची, मग घोटे, मग गुडघे. मागच्या महिन्यात आईला नेलं तर रस्ताभर रिसॉर्टच्या पाट्या. कुंड कुठे म्हणून विचारलं तर तिघांनी आपापला स्विमिंग पूल दाखवला. आईचा चेहरा बघवत नव्हता. तुम्हीही लिहा ना.

तिखटमीठ
अगदी अगदी! आम्हाला ‘कुंडाचं पाणी रूममध्ये’ सांगितलं, आत गेलो तर गीझर. दुसऱ्या दिवशी पहाटे सासूबाईंना घेऊन गणेशपुरीला भीमेश्वराच्या देवळापाशी गेले. अंधार, वाफ, चार-पाच म्हाताऱ्या बायका. एकीने न मागता सासूबाईंचा हात धरून उतरवलं.

गडवाट
वज्रेश्वरीचं देऊळ नीट बघितलंत का? चिमाजी अप्पांनी वसईसाठी नवस बोलला होता. 1739 ला वसई घेतली आणि देऊळ बांधलं, म्हणून तर किल्ल्यासारखा तट आहे. माझा जीव तिथेच अडकतो, कुंडापर्यंत पोचतच नाही.

उन्हाची_लेक
घाईत लिहितेय, कुकर लावलाय. आईंना उन्हवऱ्याला न्या, दापोलीकडे. मात्र उगमाशी पाणी 70 अंशांच्या आसपास, तिथे पाय घालायचा नाही! आमच्या धाकट्याची पोटरी लालभडक झाली होती. न्हाणीत उतरा.

चकली
ज्वालामुखी आहे का खाली?

गडवाट
नाही हो. पावसाचं पाणी कातळाच्या भेगांतून खोल उतरतं, तिथल्या उष्णतेने तापतं आणि परत वर येतं. म्हणूनच काळजी वाटते. जो तो हॉटेलवाला बोअर मारत सुटला तर कुंडात काय येणार?

तिखटमीठ
खरंय. पोटात गोळाच आला वाचून.

चकली
उन्हाची लेक, शिट्ट्या किती झाल्या? 😄

उन्हाची_लेक
चार! बंद करून आले.

धागाकर्ती
आई शेजारी बसून सगळं वाचतेय. ‘अंगठे बुडवायचे ते तुझ्या लक्षात आहे?’ एवढंच म्हणाली. उन्हवऱ्याला राहायची सोय आहे का गं?

उन्हाची_लेक
आम्ही दापोलीत राहिलो होतो. संध्याकाळी तुमच्या विचारपुशीत निरोप टाकते.