बूस्टरची अट आणि बंद हॉल

कोविड लशीचे दोन डोस झालेत ना, मग थिएटरात शिरायला तिसरा, म्हणजे बूस्टर, कशाला, असा एक सवाल होता, त्यावर थोडं. २०२१ च्या नोव्हेंबरात कोरोनाचा ओमिक्रॉन हा नवा प्रकार आला आणि हिशोबच बदलला, कारण दोन डोसमुळे संसर्गापासून मिळणारं संरक्षण काही महिन्यांत बरंच उतरतं हे तेव्हा स्पष्ट दिसलं, गंभीर आजारापासूनचं मात्र बऱ्यापैकी टिकून राहिलं. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराने १७ जानेवारी २०२२ पासून प्रेक्षक आणि स्टाफ दोघांनाही बूस्टर सक्तीचा केला होता, आणि त्या लाटेत मला तो निर्णय पटला. बंद हॉल, तीन-तीन तास शेजारीशेजारी बसलेली माणसं, त्यात वयस्कर बरेच, शिवाय स्टेजवर गाणाऱ्यांना मास्क लावता येत नाही, त्यांचं काय?

पण हीच अट कायमची ठेवा म्हणाल तर माझा विरोध आहे. बूस्टरचा संसर्ग रोखण्याचा परिणामसुद्धा काही महिन्यांत ओसरतो, मग आठ महिन्यांपूर्वी बूस्टर घेतलेला आत आणि गेल्या महिन्यात कोविड होऊन बरा झालेला बाहेर, हे मला अजिबात पटत नाही. त्यापेक्षा हॉलमधली हवा खेळती ठेवा, चांगले फिल्टर बसवा, आणि आजारी असलेल्याला तिकिटाचे पैसे परत द्या. हे शेवटचं तर आधी करा, कारण पैसे बुडतील म्हणून लोक ताप अंगावर काढून शोला येतात.